‘झटका आला’ असे आम्ही सर्वांना सांगितले आहे

वाचकाचा प्रश्न (ओळख पटेल असे तपशील बदलून, संक्षेपाने) :

पत्रलेखिका 34 वर्षांच्या असून पुण्यात बँकेत नोकरी करतात. त्यांचे माहेर मराठवाड्यातील एका खेड्यात आहे. सात महिन्यांपूर्वी त्यांच्या 27 वर्षांच्या भावाने आत्महत्या केली. तो पुण्यात राहून राज्यसेवा परीक्षेची तयारी करत होता, दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचला होता आणि नंतर गावी परतला होता. आदल्या रात्री त्याचा फोन आला, तेव्हा मुलाचा अभ्यास चालू असल्याने ‘उद्या निवांत बोलू’ म्हणून त्यांनी फोन ठेवला. ते वाक्य त्यांच्या डोक्यातून जात नाही. धाकट्या बहिणीचे लग्न व्हायचे असल्यामुळे वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, सर्वांना हृदयविकाराचा झटका आल्याचे सांगितले आहे. मृत्यूचे कारण लिहावे लागेल म्हणून विम्याचा दावाही केलेला नाही. अशा मृत्यूला गती मिळत नाही असे कोणीतरी आईला सांगितल्याने वर्षश्राद्धाआधी त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करावा असा तिचा आग्रह आहे. पत्रलेखिकेचा सात वर्षांचा मुलगा ‘मामाला काय झालं होतं’ असे विचारतो. त्यांना भावाचा राग येतो आणि राग आल्याची लाजही वाटते. मी त्याला वाचवू शकले असते का आणि हे खोटे किती दिवस सांभाळायचे, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत. शेवटी त्या लिहितात की अण्णा हल्ली शेतात जात नाहीत, ‘मीच जायला हवं होतं’ एवढेच बोलतात, आणि मागच्या महिन्यात त्यांनी सातबारा व बँकेचे कागद कुठे आहेत ते दाखवून ठेवले. ‘वय झाले म्हणून असेल.’

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात अपराधभाव पहिल्या ओळीपासून आहे आणि अण्णांचा उल्लेख अगदी शेवटी, जाता जाता केल्यासारखा आला आहे. मी मात्र अण्णांपासून सुरुवात करणार आहे, कारण तुमच्या इतर प्रश्नांना वेळ देता येईल, त्यांच्या बाबतीत थांबू नये. ‘वय झाले म्हणून असेल’ ही तुमची समजूत बरोबर असूही शकेल. पण तरुण मुलगा आत्महत्येने गेल्यावर काही महिन्यांनी एखादा बाप शेतात जाणे सोडतो, स्वतः जायला हवे होते असे पुन्हा पुन्हा म्हणतो आणि जमिनीचे कागद कुठे आहेत ते लेकीला दाखवून ठेवतो, तेव्हा या तिन्ही गोष्टी एकत्र पाहायला हव्यात. व्यवहाराची निरवानिरव करणे हे मरणाच्या विचाराचे एक परिचित लक्षण आहे. अण्णांच्या मनात तेच आहे असे मी म्हणत नाही. विचारल्याशिवाय ते कळणार नाही, एवढेच म्हणते.

घरात एक आत्महत्या झाली की मागे राहिलेल्यांचा धोकाही वाढतो, हे अनेक देशांतील अभ्यासांत दिसून आले आहे. 1958 मध्ये लॉस एंजेलिस येथे आत्महत्या प्रतिबंध केंद्र स्थापन करणाऱ्यांपैकी एक असलेले मानसशास्त्रज्ञ एडविन श्नाइडमन यांनी म्हणूनच मागे राहिलेल्यांना सावरण्याच्या कामाला पुढच्या पिढीसाठीचा प्रतिबंध मानले होते. म्हणजे तुम्ही अण्णांसाठी जे कराल ते दुःखातून सावरणेही असेल आणि आत्महत्या टाळण्याचे कामही असेल.

आजच आईला फोन करून अण्णांना फार वेळ एकटे राहू देऊ नये असे सांगा आणि येत्या सुट्टीची वाट न पाहता रजा काढून गावी जा. तिथे पोहोचल्यावर चारचौघांत न बोलता, दोघेच असताना, सरळ विचारा : ‘अण्णा, मीच जायला हवं होतं असं तुम्ही म्हणता. तसं म्हणताना जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्याने नसलेला विचार डोक्यात भरेल, ही भीती बहुतेक घरांत असते. पण या विषयावरील संशोधनात तसे आढळलेले नाही, उलट कोणीतरी न घाबरता विचारले याचाच पुष्कळांना आधार वाटतो. उत्तर काहीही आले तरी ‘असला विचार करायचा नाही, आईकडे बघा, नातवाकडे बघा’ असे लगेच म्हणू नका. त्या बोलण्यामागे तुमचे प्रेम असले तरी समोरच्या माणसाला त्यातून एवढेच ऐकू येते की हे पुन्हा बोलायचे नाही. त्यांना बोलू द्या, मध्ये शांतता आली तर ती भरून काढण्याची घाई करू नका. उत्तर ‘हो’ असेल, तर कधी, कसे, काही ठरवले आहे का, काही जमवून ठेवले आहे का, हेही विचारा. त्यांनी ‘कोणाला सांगू नकोस’ म्हटले, तर ते वचन देऊ नका. ‘तुम्हाला बरं वाटावं म्हणून ज्यांना सांगावं लागेल त्यांनाच सांगेन’ असे प्रामाणिकपणे सांगता येते.

अण्णांचे उत्तर काहीही असो, घरातील फवारणीची औषधे आणि गोळ्यांचा साठा त्यांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी, शक्यतो घराबाहेर, कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्या कोणाकडे द्या. ‘ज्याला करायचे तो करतोच’ असे लोक म्हणतात, म्हणून ही गोष्ट किरकोळ वाटते. पण श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातल्यानंतर, 1995 च्या सुमारास जगातील सर्वांत वरच्या दरांपैकी एक असलेला तेथील आत्महत्येचा दर पुढील वीस वर्षांत सुमारे 70 टक्क्यांनी खाली आला. जीव देण्याची तीव्र ओढ बहुधा काही काळापुरती असते. तेवढ्या वेळात साधन हाताशी नसले तर अनेक माणसे वाचतात.

मदतीसाठी केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा आहे. 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झालेल्या या सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालतो, बोलणे मोफत असते आणि मराठीतून बोलता येते. अण्णा स्वतः बोलणार नाहीत असे वाटत असेल तर त्यांच्याबद्दल तुम्ही फोन करून सल्ला घेऊ शकता. ही सेवा घरच्यांसाठीही आहे. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमांतर्गत मानसोपचाराची सोय असते. शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी राज्य सरकारने 2015 मध्ये मराठवाडा आणि विदर्भातील 14 जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला होता आणि त्यात गावोगावच्या आशाताईंना अशी माणसे ओळखण्याचे काम दिले होते, त्यामुळे गावातील आशाताईंशी बोलायला संकोच वाटू देऊ नका. ‘मानसोपचार’ हा शब्द अण्णांना नकोसा वाटत असेल तर झोप न लागणे, भूक नसणे या तक्रारींपासून सुरुवात करा. त्यांच्या वयाची, त्यांच्या मुलखातील माणसे दुःख बहुधा शरीराच्या भाषेतच सांगतात. मात्र त्यांनी काही ठरवले आहे असे कळले, तर तक्रारींच्या वाटेने जात बसू नका. त्यांना क्षणभरही एकटे न सोडता त्याच दिवशी रुग्णालयात न्या, गाडी मिळत नसेल तर 108 किंवा 112 ला फोन करा.

अशा वेळी पोलिसांच्या भीतीनेही घरे गप्प बसतात, म्हणून थोडे कायद्याविषयी. मनातील विचारासाठी मदत मागणे हा कधीच गुन्हा नव्हता. आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे, उलट सिद्ध होत नाही तोवर, गृहीत धरावे आणि तिच्यावर खटला चालवू नये, असे 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम 115 सांगते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणाऱ्या, जुन्या दंडसंहितेतील कलम 309 सारखे सरसकट कलमच राहिलेले नाही.

आता त्या फोनकडे येऊ. हे सगळे वाचून तुम्ही विचाराल की विचारल्याने माणूस वाचू शकतो असे तुम्हीच सांगता, मग मी भावाला विचारले नाही हा माझा दोषच नाही का? हा प्रश्न टाळून तुमचे सांत्वन करणे मला योग्य वाटत नाही. त्या रात्री बोलणे झाले असते तर कदाचित ती वेळ टळली असती, कदाचित नसती. ‘तू काहीही केले असतेस तरी फरक पडला नसता’ असे जे तुम्हाला सांगतात ते तुमच्या मायेपोटी सांगतात, पण तुमचे मन ते स्वीकारत नाही, कारण हे कोणीही ठामपणे सांगू शकत नाही हे तुम्हालाही कळते. मात्र फरक पडू शकला असता म्हणजे तुम्ही दोषी आहात, असे होत नाही. दोष लागण्यासाठी आधी माहीत असावे लागते. भावाचा फोन आला तेव्हा परीक्षेने थकलेला, गावी परतलेला भाऊ नेहमीसारखा बोलायला फोन करतो आहे, एवढेच तुम्हाला माहीत होते, आणि तेवढ्या माहितीवर कोणतीही बहीण ‘उद्या बोलू’ म्हणते. पुढे काय झाले ते आज तुम्हाला ठाऊक आहे म्हणून त्याचे प्रत्येक वाक्य, प्रत्येक मौन आता खूण वाटते. उत्तरतालिका हातात घेऊन जुनी प्रश्नपत्रिका पाहिली की प्रत्येक प्रश्न सोपा वाटतो, तसे हे आहे. शिवाय मरणाचा विचार करणारा माणूस पुष्कळदा तो जिवलगांपासूनच सर्वांत जास्त लपवतो. वर्षानुवर्षे हेच काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांचेही रुग्ण आत्महत्या करतात. मदतीने वाचण्याची शक्यता वाढते, आणि म्हणून मदत करायची असते. पण दुसऱ्याच्या जिवाची हमी कोणालाच देता येत नाही.

तुमच्या प्रश्नामागे आणखी एक समजूत आहे, ती म्हणजे या मृत्यूला एक कारण असणार आणि ते शोधून काढता येणार. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात देशभरात 1,70,924 आत्महत्यांची नोंद आहे. त्यांतील 22,746 महाराष्ट्रातील होत्या, म्हणजे कोणत्याही राज्यापेक्षा अधिक. त्या अहवालात कारणांचा तक्ता असतो : कौटुंबिक समस्या, आजारपण, परीक्षेतील अपयश अशी शीर्षके आणि प्रत्येकासमोर आकडा. पोलिसांच्या नोंदीला एक रकाना भरावाच लागतो, पण माणसाचे मन त्या रकान्यात मावत नाही. हुकलेल्या परीक्षा, वाढते वय, बरोबरच्या मुलांच्या नेमणुका, घरच्यांनी केलेल्या खर्चाचे ओझे, न लागणारी झोप आणि बहुधा कधीही निदान न झालेले नैराश्य असे पुष्कळ काही साचत जाते. तुमच्या त्या काही सेकंदांच्या बोलण्याने एवढ्या सगळ्याचा भार उचलावा, असे म्हणणे भावाच्या दुःखावरही अन्याय करणारे आहे, कारण ते त्याहून फार मोठे होते.

राग येण्याची लाज वाटून घेऊ नका. ज्याने आपल्याला न सांगता, न विचारता जाण्याचा मार्ग घेतला आणि घरच्यांना या स्थितीत सोडले, त्याच्यावर राग येतो, आणि तोच माणूस किती वेदनेत असेल या विचाराने त्याच दिवशी रडूही येते. आत्महत्येने माणूस गमावलेल्या जवळपास प्रत्येकाकडून मी हे ऐकले आहे. रागामुळे प्रेम खोटे ठरत नाही.

खोट्याबद्दल तुम्ही ‘किती दिवस’ असे विचारता. अण्णांनी हे का केले हे मला समजते आणि त्यात मला भित्रेपणा दिसत नाही. एक मूल गेल्यावर दुसऱ्या मुलाचे आयुष्य सावरून धरण्याची ती धडपड होती. पण त्याची किंमत कोण मोजते आहे ते पाहा. पंचनामा, शवविच्छेदन झालेल्या घरातील खरे कारण गावाला बहुतेक ठाऊक असते. न बोलण्याची शिक्षा फक्त तुम्हा घरच्यांना होते, आणि त्यातही सर्वांत जास्त अण्णांना. हृदयविकाराने मुलगा गेलेल्या बापाचे दुःख त्यांना दाखवावे लागते आणि खरे दुःख कोणापुढे मांडता येत नाही. मुलगा असा का गेला, आपण त्याला काय बोललो होतो, हे ते कोणाला विचारणार?

तरी उद्यापासून सर्वांना खरे सांगत सुटा, असा माझा सल्ला नाही. आधी घरातील चौघांनी एकमेकांपुढे खरे बोलावे. तुमच्या पत्रावरून वाटते की सात महिन्यांत तेच झालेले नाही. त्यानंतर मामा, काका, जवळची मैत्रीण अशा एकेका विश्वासाच्या माणसाला सांगावे. बाकीच्या गावाचे तुम्ही काही देणे लागत नाही. कोणी खोदून विचारले तर ‘त्याने स्वतःचा जीव घेतला, आम्ही अजून त्यातून सावरतो आहोत, याहून जास्त बोलायला आत्ता जमणार नाही’ एवढे वाक्य पुरेसे आहे, किंवा त्यातील शेवटचा भागच सांगितला तरी चालेल. कसे घडले ते कोणालाही सांगण्याची गरज नाही. धाकट्या बहिणीच्या लग्नाची काळजी खरी आहे आणि काही स्थळे या कारणाने मागे हटतीलही, हे तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. पण सुपारी फुटण्याआधी, बोलणी पुढे जात असताना, एखाद्या समंजस मध्यस्थाकडून खरे सांगितलेले पुष्कळ घरे समजून घेतात. लग्नानंतर बाहेरून कळले तर त्याचा जाब एकट्या बहिणीला सासरी द्यावा लागेल. या निर्णयात तिचे मत विचारा. सगळे तिच्या नावाने चालले आहे आणि तुमच्या पत्रात ती स्वतः मात्र कुठेच बोलत नाही.

विम्याबाबत थोडक्यात सांगते. आयुर्विम्यात आत्महत्येची अट साधारणपणे पॉलिसी सुरू झाल्यापासून, किंवा बंद पडलेली पॉलिसी पुन्हा सुरू केल्यापासून, पहिल्या बारा महिन्यांपुरती असते. पॉलिसी त्याहून जुनी असेल तर वारसाला पूर्ण रक्कम मिळते. दावा करताना कारण खरेच लिहा. कागदोपत्री तेच असल्यामुळे वेगळे लिहिल्यास अडचण वाढेल.

मुलाला खरे सांगा, आणि ते तुम्हीच सांगा. सात वर्षांच्या मुलाला मोठ्यांची कुजबुज कळते. न सांगितलेल्या जागी ते स्वतःची कल्पना बसवते आणि ती कल्पना पुष्कळदा सत्यापेक्षा भयंकर असते. ‘मामा झोपला’ किंवा ‘देवाला आवडला’ असे सांगू नका, कारण मग मूल झोपायला किंवा देवाला घाबरते. ‘मामाच्या मनाला खूप दुखत होतं. ते इतकं वाढलं की आपल्याला मदत मिळू शकते हेच त्याला दिसेनासं झालं आणि त्याने स्वतःचा जीव घेतला. यात तुझी, माझी, कोणाचीच चूक नाही. आपल्यापैकी कोणाला असं दुखलं तर आपण सांगायचं, त्यावर औषध असतं.’ एवढे एका वेळी पुरे. तो खेळायला निघून जाईल आणि आठ दिवसांनी तोच प्रश्न पुन्हा विचारेल; पुन्हा तेच उत्तर द्या.

आईच्या नारायण नागबळीला विरोध करू नका. त्र्यंबकेश्वरचा तो तीन दिवसांचा विधी केल्याने मुलासाठी आपल्या हातून काही झाले असे तिला वाटणार असेल, तर तो तिचा आधार आहे. फक्त दोन गोष्टी पाहा : त्यासाठी कर्ज काढावे लागू नये, आणि ‘त्याला गती नाही’ हे भय घालणाऱ्यांना तिच्यापासून दूर ठेवावे. ‘तो आजाराने गेला, पापाने नाही’ हे तिला तुमच्या तोंडून ऐकू द्या, आणि जमल्यास अण्णांनाही त्याच वेळी ऐकू द्या.

स्वतःबद्दल तुम्ही फार कमी लिहिले आहे. सात महिने ते एकच वाक्य मनात फिरते आहे, म्हणजे तुम्हालाही मदतीची गरज आहे. पुण्यात कनेक्टिंग ही संस्था अशा मनःस्थितीतील माणसांचे ऐकून घेते आणि आत्महत्येने जवळचा माणूस गमावलेल्यांना आधार देण्याचेही काम करते. त्याच अनुभवातून गेलेल्या माणसांशी बोलणे हे नातेवाइकांशी बोलण्याहून वेगळे असते. झोप लागत नसेल, कामात लक्ष राहत नसेल, आपणही मरावे असे मनात आले असेल, तर अण्णांसाठी जो क्रमांक वर दिला आहे तो तुमच्यासाठीही आहे. सणांच्या दिवसांची आधीच तजवीज करा. त्याच्याशिवायची पहिली भाऊबीज, त्याचा वाढदिवस, वर्षश्राद्ध या दिवसांच्या आधीचा आठवडाच जास्त जड जातो. त्या दिवशी कोणासोबत असायचे आणि कोणाला भेटायचे नाही हे अगोदर ठरवलेले बरे.

ज्यांच्या शेजारी, नात्यात किंवा कचेरीत असे घर आहे अशा वाचकांसाठीही थोडे लिहिते. अमेरिकेतील केंटकी विद्यापीठाच्या ज्युली सेरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अंदाजानुसार एका आत्महत्येची झळ सुमारे 135 माणसांना लागते, तेव्हा असे घर तुमच्या ओळखीत असण्याचीच शक्यता जास्त. तेराव्यापर्यंत त्या घरात गर्दी असते आणि चौदाव्या दिवसापासून कोणी फिरकत नाही, कारण काय बोलावे हे कोणाला सुचत नाही. ‘का केलं असेल’ हा प्रश्न विचारू नका आणि कसे केले हे तर मुळीच विचारू नका. महिन्या-दोन महिन्यांनी डबा घेऊन जा, शेतातील किंवा बँकेतील एखादे काम अंगावर घ्या, आणि गेलेल्या मुलाचे नाव घेऊन त्याची एखादी आठवण सांगा. त्या घरातील माणसांनी ते नाव बाहेरच्या कोणाच्या तोंडून कित्येक दिवसांत ऐकलेले नसते.

ताई, अण्णांशी बोलणे झाले की मला कळवा. ते पत्र छापले जाणार नाही.